खिंडसीवर कुटुंबासाठी जुनी शिडाची बोट घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात तुम्ही, पत्नी, 11 वर्षांचा मुलगा, 7 वर्षांची मुलगी आणि कधीमधी आई. सुटीच्या दिवशी रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर शिडाच्या बोटीतून फिरायचं आहे. समोर दोन जुन्या बोटी आहेत. एक मुंबईची, 20 फुटी, छोटी केबिन आणि खाली लोखंडी कील (बुडाखालचा जड कणा) असलेली. दुसरी हैदराबादच्या एकाकडे पडून असलेली एंटरप्राइज, म्हणजे दोघांसाठीची हलकी उघडी शिडाची बोट. तुम्हाला पोहता येतं, पण शीड कधी हाताळलेलं नाही. यातली कोणती घ्यावी?

मी नागपूरचाच. कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल विभागात शिडाची दोरी पहिल्यांदा हातात आली. पुढे काही वर्षं मुंबईत बोटींच्या दुरुस्तीत गेली आणि गेली 18 वर्षं इथे फायबरचं काम करतो आहे. ओळखीच्यांसाठी जुन्या बोटी पारखून देणं त्यातच आलं. म्हणून आधी उत्तर सांगतो, कारणं मग. मुंबईची बोट घेऊ नका. एंटरप्राइज घेतलीत तर ती तुमची आणि मुलाची होईल, पाच जणांच्या घराची होणार नाही. तुम्हाला हवी आहे 14 ते 16 फुटांची, केबिन नसलेली, रुंद बुडाची फायबरची डिंगी, म्हणजे छोटी उघडी बोट, आणि तिच्यासाठी सहा महिने थांबावं लागलं तरी थांबा.

बोट चांगली की वाईट हे मी शेवटी बघतो. आधी विचारतो की ती वर्षातून किती रविवार पाण्यात उतरेल, आणि घरात ज्याला पाण्याची सगळ्यात जास्त धास्ती वाटते तो माणूस दुसऱ्यांदा तिच्यात बसेल का. माझी पहिली बोट या दोन्ही बाबतीत चुकली होती. जुनी प्लायवूडची एंटरप्राइज, देखणी, वाऱ्यावर सुसाट सुटणारी. समुद्रकाठच्या दमट हवेत ती बरी होती. नागपूरच्या एका उन्हाळ्यात तिच्या कडेचे थर सुटून पुस्तकाच्या पानांसारखे उलगडले. ते दुरुस्त केलं. पण त्याच हिवाळ्यात एका झोतात बोट उलटली आणि माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, शिडाच्या कापडाखाली गेली. लाइफजॅकेट होतं, मी हातभर अंतरावर होतो, काही सेकंदांत ती बाहेर आली. तरी पुढची दोन वर्षं ती काठावर बसून राहायची. बोट वाईट नव्हती. आम्ही तिच्या लायक नव्हतो, आणि हे मला विकत घेण्याआधी कळायला हवं होतं.

आता मुंबईच्या बोटीबद्दल. केबिन बघितली की घरच्यांना ती सुरक्षित वाटते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. पण लोखंडी कीलची 20 फुटी बोट काही शे किलोंची असते. तिला उतरवायला क्रेन लागते किंवा खोलवर गेलेला पक्का उतार. खिंडसी हे धरणाचं पाणी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात तुडुंब, मे महिन्यात काठ कितीतरी आत सरकलेला, आणि मधे काळ्या मातीचा चिखल. त्या चिखलात बैलगाडी रुतते, तर ही बोट कशी ओढणार? शिवाय इथला हिवाळ्यातला वारा समुद्रासारखा नाही. सकाळी पाणी आरशासारखं असतं, दुपारी बारा-एकच्या सुमारास हलकी झुळूक सुरू होते. तेवढ्यावर जड बोट जागची हलत नाही. मग इंजिन लावावंसं वाटतं. इंजिन आलं की अंतर्देशीय जलयान अधिनियम 2021 प्रमाणे नोंदणी, सर्वेक्षण, विमा असं सगळं मागे लागतं. कुटुंबाच्या सहलीसाठी एवढा पसारा कशाला?

एंटरप्राइजबद्दल मात्र आदराने बोलायला हवं. जॅक होल्ट यांनी 1956 मध्ये आखलेली ही बोट भारतातल्या क्लबांत आणि एनसीसीत पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. त्यामुळे सुटे भाग मिळतात, जाणकार मिळतात. लांबी 4.04 मीटर, नुसता सांगाडा 90-95 किलोंचा, शीड साधारण 113 चौरस फूट. या आकड्यांतच तिचा स्वभाव दिसतो: हलकी बोट आणि भरपूर कापड. खिंडसीच्या मंद वाऱ्यात ती छान पळेल. पण ती दोघांच्या शर्यतीसाठी आखलेली आहे. चौघं बसले की दोऱ्या, पाय आणि डब्याची पिशवी यांचा गुंता होतो, आणि आजीबाईंना तर त्यात बसवूच नये.

त्याच होल्ट यांची 1949 ची जीपी-14 ही 14 फुटी, सुमारे 133 किलोंची बोट तुमच्या घराला जास्त जुळेल. दोन मोठे आणि दोन लहान त्यात नीट बसतात. इयन प्रॉक्टर यांची 1957 ची वेफेअरर, जवळजवळ 16 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 169 किलो, मिळाली तर माझ्या मते कुटुंबासाठी याहून चांगली उघडी बोट नाही. आपल्याकडे ती क्वचितच विक्रीला येते. नावालाही फार चिकटू नका. कुठल्याशा क्लबने प्रशिक्षणासाठी बनवून घेतलेली, रंग उडालेली पण रुंद बुडाची फायबर बोट असेल तरी चालेल. तीन गोष्टी तपासा. मोठं माणूस बाकावर ताठ बसलं असताना बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) डोक्यावरून मोकळी जाते का? तुम्ही एका काठावर उभे राहिलात तर काठ पाण्याला टेकतो का? मोठ्या शिडाला रीफ घ्यायची सोय, म्हणजे कापड खालून गुंडाळून बांधायच्या दोऱ्या, आहेत का? रीफची सोय नसेल तर ती करून घेता येते. पहिल्या दोन गोष्टी मात्र नंतर बदलता येत नाहीत.

बरंचसं तुमच्या परिस्थितीवरही अवलंबून आहे. बोट दर वेळी नागपूरहून 50 किलोमीटर ओढत नेणार, की काठावरच ठेवणार? न्यायची असेल तर ट्रेलरचीही आरटीओत नोंदणी लागते, गाडीला हुक लागतो, आणि घरी 16 फुटांची जागा लागते. माझा अनुभव असा की ओढून नेणारे पहिल्या वर्षी आठ-दहा वेळा जातात, दुसऱ्या वर्षी तीनदा. काठाजवळ कुणाच्या वाडीत भाडं देऊन, पत्र्याच्या शेडखाली, साखळीने बांधून ठेवलेली बोट खूप जास्त वापरली जाते. तसं असेल तर ट्रेलरवर पैसे घालू नका. जाड टायरची हातगाडी बनवून घ्या आणि चिखलासाठी प्लायच्या चार फळ्या ठेवा.

परवानगीचं आधी बघा, बोटीचं नंतर. धरण ज्या खात्याचं, त्याच्या कार्यालयात लेखी अर्ज करा. तोंडी "हो" वर पैसे गुंतवू नका. पेंच व्याघ्र प्रकल्पातलं तोतलाडोहचं पाणी मनातून काढूनच टाका. आणि तलावावर जी मच्छीमार संस्था असेल तिच्या ढिवर बांधवांना जाऊन भेटा, चहा घ्या. त्यांची जाळी कुठे असतात, बुडालेल्या झाडांचे बुंधे कुठे आहेत, पाणी उतरल्यावर कुठे खडक वर येतो, हे कुठल्याही नकाशात मिळत नाही. सुकाणूत जाळं अडकलं की त्यांचं नुकसान होतं आणि तुमची बोट जागीच फिरते. ओळख असेल तर अडचणीच्या वेळी सगळ्यात आधी तेच डोंगा घेऊन येतात.

आता प्रत्यक्ष बोट बघायला गेलात की काय करायचं, ते जरा सावकाश सांगतो, कारण पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात.

बोट उलटी करून घ्या. पाच रुपयांचं नाणं किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन दर चार बोटांवर हलकेच ठोकत जा. घट्ट फायबरचा आवाज कोरडा, टणक येतो. थर सुटले असतील किंवा आतलं लाकूड कुजलं असेल तिथे पिकलेल्या कलिंगडासारखा भद्द आवाज येतो. तिथे खडूने गोल काढा. शेवटी मागे सरून सगळे गोल एकत्र बघा. इकडे तिकडे दोन-तीन असतील तर दुरुस्ती सोपी आहे, हिंगणा एमआयडीसीत फायबरचं काम करणारे आहेत. पण सेंटरबोर्डच्या (बोटीच्या मधून खाली पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीभोवती, मास्टच्या, म्हणजे शिडाच्या उभ्या खांबाच्या, पायाशी किंवा सुकाणूच्या बिजागऱ्यांपाशी सलग गोल आले तर बोट सोडा. सगळा जोर या तीन ठिकाणीच येतो. वरच्या चकचकीत थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारेच्या आकाराच्या भेगा दिसल्या तर ते कुठेतरी आदळल्याचं लक्षण. एकाच दिशेने समांतर जाणाऱ्या भेगा असतील तर तो भाग वाकतो आहे, आणि हे जास्त गंभीर.

मग वजन. जुन्या बोटीच्या आतल्या फोममध्ये वर्षानुवर्षं पाणी मुरतं आणि बाहेरून काही कळत नाही. धर्मकाटा यासाठी फार ढोबळ. धान्याच्या दुकानातला प्लॅटफॉर्म काटा मागून आणा. बोटीचं पुढचं टोक एका ठोकळ्यावर आणि मागचं काट्यावर ठेवून आकडा लिहा, मग उलट करा. टेकूच्या जागा त्याच ठेवा, बोट समतल असू द्या, दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे बोटीचं वजन. 133 किलोंची बोट 170 भरली तर उरलेलं पाणी आहे असं समजा. ते पाणी उन्हात ठेवून निघत नाही, कापून काढावं लागतं.

हवेच्या टाक्या म्हणजे बोटीच्या दोन्ही बाजूंच्या बंद पोकळ्या. बोट उलटल्यावर तुम्हाला तरंगत ठेवणाऱ्या त्याच. सायकलच्या पंपाने भोकातून अगदी हलकी हवा भरा, सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठे येतात ते बघा. जोरात भरू नका, टाकी फुटते. सेंटरबोर्डच्या पेटीसाठी याच्या उलट करा: गाडीवर ठेवलेल्या बोटीत आतून दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि खाली वाकून कुठून थेंब गळतो ते पाहा.

मास्टला आधार देणाऱ्या पोलादी तारांवरून कापसाचा बोळा वरपासून खालपर्यंत फिरवा. आपल्याकडे कापसाला काय तोटा! एखादा धागा जरी तुटला असेल तरी कापसाचे तंतू तिथे अडकतात. ती तार बदलायचीच, भाव करत बसायचं नाही. शिडाचं कापड उन्हासमोर धरा. कापडापेक्षा शिवण आधी जाते. शिवणीवरून अंगठ्याचं नख ओढा, धागा पीठ होऊन निघाला तर पूर्ण शीड पुन्हा शिवावं लागेल. ते काम ताडपत्री शिवणारा करू शकतो, पण पॉलिएस्टरचाच दोरा वापरायला सांगा. कापड हातात चुरगळलं आणि जुन्या धोतरासारखं मऊ लागलं, तर मात्र शीड संपलं आहे. नव्या शिडाची किंमत बोटीच्या भावातून वजा करून बोला.

एकंदर बजेटचा एक तृतीयांश भाग बाजूला ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो. तारा, दोऱ्या, चांगली वल्ही, शिडाची दुरुस्ती आणि लाइफजॅकेट यांतच तो जातो. लाइफजॅकेट मुलांच्या वजनाप्रमाणे घ्या, "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठं नको. मुलीच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर जातं आणि मूल खाली. स्विमिंग पूलमध्ये घालून बघा. काठावरून निघाल्यापासून परत येईपर्यंत सगळ्यांच्या अंगावर ते असलं पाहिजे, पोहता येणाऱ्या तुमच्याही. 2017 च्या जुलैत वेणा जलाशयात तरुणांची नाव उलटली आणि काही जणांचा जीव गेला, हे आपल्या सगळ्यांना आठवत असेल. ते तळं आणि खिंडसी यांत बुडण्यापुरता काही फरक नाही.

शिकण्याबद्दल. बोट बघायला हैदराबादला जाणारच आहात, तर हुसेनसागरावर क्लब आहेत, तिथे चार दिवस काढून आधी स्वतः शिका. पत्नीला यायचं असेल तर त्यांनाही घेऊन जा. बोटीत मोठी माणसं दोन असतील तर बोट चालवता येणारीही दोन असायला हवीत. बोट आली की पहिल्या दिवशी मुलांना न घेता, छातीभर पाण्याच्या थोडं पुढे, ती मुद्दाम उलटवा आणि सरळ करा. तीनदा. आपल्या तलावांत एक अडचण येते: उथळ पाण्यात मास्टचं टोक तळाच्या गाळात रुतून बसतं. म्हणून मास्टच्या टोकाला घट्ट झाकणाची रिकामी पाच लिटरची तेलाची कॅन बांधा. बोट पूर्ण पालथी होत नाही. दिसायला चांगलं दिसत नाही, पण मी अजूनही बांधतो.

दोन धोके असे आहेत जे इथल्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाहीत. ॲल्युमिनियमची मास्ट उभी करताना वर बघा. धरणाच्या कडेने शेतीच्या विजेच्या तारा किती खाली लोंबतात ते तुम्हाला माहीत आहे. मास्ट उभी केलेली बोट हातगाडीवरून तारांखालून कधीही नेऊ नका. आणि मार्चनंतर दुपारी पश्चिमेला काळं दिसलं, पहिला गडगडाट ऐकू आला, की शीड खाली आणि बोट काठाला. अवकाळीचा वारा पाच मिनिटांत पाणी उसळवतो. रामटेकच्या टेकड्यांच्या आडून येणारे झोत तर एरवीही दिशा बदलत येतात, म्हणून सुरुवातीचे दोन महिने शिडाची दोरी क्लीटमध्ये (दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत) अडकवून ठेवू नका, हातातच ठेवा. बोट कलली की दोरी सोडायची. हे एवढं अंगवळणी पडलं असतं तर माझी मुलगी त्या दिवशी पाण्यात पडली नसती.

साठवणीबद्दल एकच सांगतो, कारण ते पुस्तकात थंड देशांच्या हिशेबाने लिहिलेलं असतं. आपल्या मे महिन्यात बंद टाक्यांतली हवा तापून फुगते आणि सांधे उघडते. बोट ठेवताना टाक्यांची झाकणं आणि तळाचा बूच काढून ठेवा. बोट उलटी, सावलीत, आणि काळी ताडपत्री तिच्या अंगाला न चिकटवता वीतभर वर बांधलेली.

आता तुमच्या हैदराबादच्या एंटरप्राइजकडे परत येतो. मुलगा 11 वर्षांचा आहे. त्याला खरोखर आवड लागली तर दोन वर्षांनी तुम्ही दोघं ती छान चालवाल. तेव्हा ती फायबरची असेल, भाव खरोखर कमी असेल आणि ठेवायला जागा असेल, तर दुसरी बोट म्हणून विचार करा. प्लायवूडची असेल तर नको. मालकाला आज चार फोटो मागवा: सेंटरबोर्डच्या पेटीचा तळाचा सांधा, मास्टचा पाय, सुकाणूच्या बिजागऱ्या, आणि उन्हासमोर धरलेलं मोठं शीड. पूर्ण बोटीचा लांबून काढलेला सुंदर फोटो नको. ते चार आले की मला दाखवा. त्यातून हैदराबादचं तिकीट काढायचं की नाही, एवढं नक्की सांगता येईल.